फडताळातल्या बाटल्या

आत्याच्या पलंगाशेजारी भिंतीतले एक फडताळ आहे. पूर्वी त्यात तिची गणिताची पुस्तके आणि तपासायला आणलेल्या वह्यांचे गठ्ठे असत. आता तिथे बाटल्या आहेत. काही तपकिरी काचेच्या, झाकणाभोवती पाक वाळून चिकट झालेल्या, काही पांढऱ्या प्लास्टिकच्या, ज्यांच्यावर हिरव्या पानाचे आणि चमकणाऱ्या मेंदूचे चित्र आहे. दार उघडले की खोलीत वास पसरतो: थोडा ओल्या मातीचा, थोडा कडवट, त्यात मधाची गोडसर झाक आणि सगळ्यांवर मात करणारा माशाच्या तेलाचा उग्र दर्प. परवा मी गेले तेव्हा दादा, म्हणजे आत्याचा मुलगा, त्यातली एक बाटली काढून चमच्यात काळपट हिरवा काढा ओतत होता. थेंबही सांडू नये म्हणून त्याने श्वास रोखून धरला होता. आत्याने तोंड उघडण्यापूर्वी चमच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "हे कशासाठी?" दादा म्हणाला, "आठवण राहावी म्हणून, आई." त्यावर तिने विचारले, "कशाची?"

दादाने उत्तर दिले नाही. चमचा पुढे केला, तिने तो निमूटपणे घेतला, तोंड वेंगाडले आणि पाणी मागितले.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरात अशा वाक्यांचे सुभाषित व्हायला वेळ लागत नाही. रुग्ण सहज काहीतरी बोलतो आणि भोवतालची माणसे त्यात वेदान्त शोधू लागतात, कारण त्या बोलण्याला खोल अर्थ आहे असे मानणे हे त्याला काहीच अर्थ नाही असे मानण्यापेक्षा सोसायला सोपे असते. आत्याच्या प्रश्नात मला तसले काही दिसले नाही. ती आयुष्यभर गणित शिकवत आली. अपुरे विधान कानावर पडले की उरलेला भाग विचारायचा, ही तिची हाडात मुरलेली सवय आहे आणि नावे, तारखा, माणसे निघून गेल्यावरही ती सवय जागेवर आहे. तरीही तो प्रश्न मला सोडीना. चमच्यातल्या काढ्याने खरोखरच गुण आला, तर नेमके काय परत येणार होते? माझे नाव? सकाळी अंघोळ झाली आहे ही गोष्ट? की आत्याचे यजमान वारले आहेत हे? ते आता तिला आठवत नाही. सुरुवातीला घरचे लोक तिला खरे ते सांगत, आणि प्रत्येक वेळी ती बातमी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडत असे. पुढे त्यांनी सांगणे सोडले. आठवण परत यावी असे आम्ही सगळेच म्हणतो, पण तिच्याबरोबर काय काय परत येईल याचा हिशेब आमच्यापैकी कोणीही मांडलेला नाही.

त्या फडताळातली एकही बाटली दादाने आपणहून आणलेली नाही. एक शेजारच्या बाईंनी दिली, एक वहिनीच्या मैत्रिणीने पाठवली, दोन-तीन आत्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी आणली. प्रत्येक बाटलीबरोबर एक गोष्टही येते, आणि या गोष्टी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या असतात: कोणाच्या तरी ओळखीतल्या कोणी तरी बाई, मुलांनाही ओळखेनाशा झालेल्या, डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि मग हे औषध, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्या बाई देवघरातले फूल स्वतः बदलू लागल्या. त्या बाई आम्हांला कधी भेटत नाहीत. सांगणारी व्यक्ती मात्र खोटे बोलत नसते. तिच्या डोळ्यांत खरी कळकळ असते. त्यामुळे नाही म्हणणे अवघड जाते.

रिकाम्या हाताने कोणी येत नाही.

ज्या आजाराला आपण एका शब्दात गुंडाळतो तो मुळात एक आजार नाहीच, ही गोष्ट त्या लेबलांवर कुठे नसते. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात औगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. आलोइस अल्झायमर हे डॉक्टर तिच्यासमोर बसून साधे साधे प्रश्न विचारत आणि उत्तरे टिपून ठेवत. नाव काय, नवऱ्याचे नाव काय, आत्ता काय खाते आहेस. तिला लिहायला सांगितले तर तिचे नाव अर्ध्यावर राही, आणि मी स्वतःला हरवून बसले आहे, असे ती म्हणे. १९०६ मध्ये ती वारली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले ते ट्यूबिंगेन येथील सभेत मांडले: चेतापेशींच्या बाहेर साचलेले प्रथिनांचे पुंजके आणि पेशींच्या आत पिळवटलेले तंतू. आज स्मृतिभ्रंशाच्या साधारण ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये हाच आजार असतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्यांत कोणाच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या गेलेल्या असतात, कोणाच्या पेशींत ल्युई बॉडी नावाचे वेगळ्याच प्रथिनाचे गोळे साचलेले असतात, कोणाच्या मेंदूचा पुढचा भाग झिजलेला असतो आणि त्याची स्मृती नव्हे, तर वागणे आधी बिघडते. शिवाय हे पुंजके पहिली विस्मृती जाणवण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून साचत असतात. घरच्यांना शंका येते, मग महिनोन्महिने ती शंका बोलली जात नाही, मग निदान होते, मग बाटली येते. तोवर हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागातल्या, असंख्य पेशी मेलेल्या असतात. मेलेली पेशी कोणत्याही मुळीने उठत नाही.

एवढे ठाऊक असूनही मी एकेका बाटलीवरची नावे लिहून घेतली आणि पुढचे बरेच दिवस त्यांच्यामागे लागले. हे संशोधन होते असे मी म्हणणार नाही; मला त्या फडताळाशी भांडण करायचे होते आणि भांडायला पुरावा हवा होता.

पहिली होती जिंकोची. पंख्यासारख्या पानांचा हा वृक्ष पृथ्वीवरच्या अतिप्राचीन वृक्षकुळांपैकी एकाचा उरलेला एकमेव वारस आहे. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडल्यानंतर जळून गेलेल्या काही जिंको वृक्षांना पुन्हा पालवी फुटली होती. जो स्वतः इतके विसरायला तयार नाही त्याचे पान माणसाच्या स्मृतीला उपयोगी पडावे, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि मला तरी त्या विचाराची भुरळ पडली. पण नैसर्गिक औषधांपैकी कदाचित सर्वांत काटेकोर परीक्षा याच पानाची झाली आहे. अमेरिकेत ७५ वर्षांवरील ३,०६९ स्वयंसेवकांपैकी निम्म्यांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम जिंकोचा अर्क आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली गेली. सुमारे सहा वर्षे हे चालले. २००८ मध्ये निकाल आला तेव्हा जिंको घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना आणि नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना स्मृतिभ्रंश झालेला होता. हा फरक जिंकोने अपाय केला असे म्हणण्याइतका मोठा नाही. पण उपाय केला असे म्हणायला तर काहीच जागा उरत नाही. पुढे फ्रान्समध्ये सत्तरी ओलांडलेल्या २,८५४ लोकांवर पाच वर्षे असाच प्रयोग झाला, आणि २०१२ मध्ये त्याचेही उत्तर तेच आले. हे आकडे मी दोनदा वाचले. भांडणात आपली बाजू खरी ठरल्यावर आनंद व्हायला हवा होता. झाले असे की मला त्या तीन हजार म्हाताऱ्या माणसांचे वाईट वाटू लागले, जी वर्षानुवर्षे सकाळ-संध्याकाळ एक गोळी गिळत राहिली.

ब्राह्मीची गोष्ट इतकी सरळ नाही, आणि ती नाही हे कबूल करायला हवे. निरोगी वृद्ध माणसांना बारा आठवडे ब्राह्मीचा अर्क दिल्यावर शब्दांची यादी थोड्या वेळाने आठवण्यात किंचित सुधारणा झाली, असे काही छोट्या प्रयोगांत दिसले आहे. काहींना मळमळ झाली आणि पोट बिघडले, हेही त्याच प्रयोगांत दिसले. परंतु निरोगी माणसाने यादीतले एक-दोन शब्द जास्त सांगणे आणि मेंदूचा नाश सुरू झालेल्या माणसाचा नाश थांबणे, या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे ते बाटलीवरची जाहिरात एका उडीत पार करते. त्यातून ब्राह्मी या नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, एक पाणथळ जागी वाढणारी जाड, बारीक पानांची आणि दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी, आणि आपल्या बाटलीत कोणती आहे हे बहुतेकांना माहीत नसते. चरकसंहितेत मेध्य रसायन म्हणून जी चार द्रव्ये एकत्र सांगितली आहेत त्यांत मंडूकपर्णी आहे, ज्येष्ठमध आहे, गुळवेल आहे आणि शंखपुष्पी आहे. त्या परंपरेविषयी मला आदर आहे, आणि आदर असल्यामुळेच एक गोष्ट खटकते: शंखपुष्पी असलेल्या एका औषधाने फेफऱ्यावरच्या फेनिटॉइन या गोळीचे रक्तातले प्रमाण कमी होते आणि थांबलेले झटके पुन्हा येऊ शकतात, हे दिसून आलेले आहे. जी वनस्पती दुसऱ्या औषधावर इतका परिणाम करू शकते तिला निरुपद्रवी म्हणणे हा तिचाही अपमान आहे. काहीच अपाय होत नाही ना, मग देऊन पाहायला काय हरकत आहे, हे वाक्य त्या खोलीत मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते मला त्या वासाचाच भाग वाटते.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. हळदीतले कर्क्युमिन परीक्षानळीत फार कर्तबगार ठरते, पण आतड्यांतून ते रक्तात जवळजवळ शिरतच नाही, आणि अल्झायमरच्या रुग्णांवर झालेल्या लहान प्रयोगांत त्याचा गुण दिसला नाही. माशाच्या तेलातले डीएचए नावाचे मेदाम्ल ४०२ रुग्णांना दीड वर्ष देऊन पाहिले गेले. २०१० मध्ये निकाल आला, फरक नव्हता. खोबरेल तेलामागचा तर्क खरे तर बुद्धिमान आहे: आजारी मेंदूला साखर नीट वापरता येत नाही, तर त्याला यकृताने चरबीतून बनवलेले दुसरे इंधन द्यावे, मात्र नुसत्या तर्काने माणूस बरा होत नाही. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रोजची कामे करण्याची क्षमता थोडी सावकाश ओसरते असे २०१४ च्या एका प्रयोगात आढळले, पण स्मृतीत फरक पडला नाही आणि इतक्या मोठ्या मात्रेला रक्तस्रावाचा धोका चिकटलेला असतो. जेलीफिशमधल्या प्रथिनाची एक गोळी अमेरिकेत वर्षानुवर्षे स्मृतिवर्धक म्हणून विकली गेली. सरकारी यंत्रणेने २०१७ मध्ये दावा दाखल केला आणि ती स्मृती सुधारते असे सांगण्यावर न्यायालयाची बंदी यायला २०२४ उजाडले. मधल्या काळात किती फडताळांत ती बाटली उभी राहिली असेल!

हे सगळे वाचत असताना मी मनात दोन कप्पे केले होते: एका बाजूला निसर्ग आणि भाबडेपणा, दुसऱ्या बाजूला डॉक्टर आणि पुरावा. मग मला स्नोड्रॉप भेटले आणि ते कप्पे टिकले नाहीत. बर्फ वितळू लागला की जमिनीतून मान खाली घालून वर येणारे हे पांढरे फूल. त्याच्या कंदात गॅलँटामिन नावाचे द्रव्य असते. १९५० च्या दशकात बल्गेरियात त्यापासून औषध तयार झाले, प्रथम स्नायूंच्या दुर्बलतेसाठी, आणि २००१ मध्ये अमेरिकेत त्याला अल्झायमरवरचे औषध म्हणून मान्यता मिळाली. मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचे एक निरोप पोहोचवणारे रसायन असते. अल्झायमरमध्ये ते आटत जाते, आणि गॅलँटामिन त्याचे विघटन करणाऱ्या विकराला रोखून जे उरले आहे ते थोडे अधिक काळ टिकवते. रिव्हास्टिग्मीन हे असेच काम करणारे दुसरे औषध ज्या रसायनाच्या धर्तीवर घडवले गेले ते कॅलबार नावाच्या विषारी बियांमधले. पश्चिम आफ्रिकेत आरोपीला ती बी खायला घालून, जगला तर निर्दोष, असा निवाडा करत. म्हणजे आत्याच्या उशाशी डॉक्टरांनी लिहून दिलेली जी गॅलँटामिनची पट्टी आहे, जिच्याकडे वहिनी केमिकल म्हणून संशयाने पाहते, तिचे मूळ एका फुलात आहे, आणि फडताळातल्या हिरव्या बाटलीतल्या द्रव्यांनीही काही केलेच तर ते रसायनांच्या मार्गानेच करणार. फरक इतकाच की पट्टीतल्या गोळीत किती मिलिग्रॅम काय आहे ते माहीत आहे आणि तिचे अवगुणही छापलेले आहेत: मळमळ, वजन घटणे, नाडी मंदावणे. गुण मात्र तिचाही बेताचाच. ती उतारावरून घसरण्याचा वेग काही काळ कमी करते, वर चढवत नाही. पुरावा माझ्या बाजूने होता, पण पुराव्याकडे आत्याला देण्यासारखे फार थोडे होते, हे मला तेव्हा कळले आणि भांडणातला जोर बराच ओसरला.

वहिनीकडे एक वही आहे. तीत ती रोज दोन ओळी लिहिते: झोप कशी लागली, जेवली का, कोणाला ओळखले, चिडली का. नवीन बाटली सुरू झाली की त्या दिवसापुढे ती एक छोटी फुली करते. मी ती वही चाळली तेव्हा लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक फुलीनंतर चार-सहा चांगले दिवस आहेत. ती वही खोटी नाही. स्मृतिभ्रंशात चांगले-वाईट दिवस आळीपाळीने येतातच, आणि माणूस नवे औषध बहुधा सर्वांत वाईट दिवसांच्या टोकाला सुरू करतो, त्यामुळे त्यानंतरचे दिवस आपोआपच बरे दिसतात. दुसरेही एक कारण असावे, आणि ते मला जास्त खरे वाटते. नवी बाटली आली की वहिनी स्वतः बदलते. तिच्या हालचालीत उमेद येते, आवाज मऊ होतो, ती आत्याशी जास्त बोलते, उत्तराची वाट पाहत थांबते. समोरचे माणूस असे थांबले की आत्या खरोखरच अधिक चांगले उत्तर देते. औषधांच्या चाचण्यांमध्ये नुसती गोळी घेणाऱ्या गटातही पहिल्या काही महिन्यांत सुधारणा नोंदवली जाते, आणि ती नोंद बहुतेक वेळा रुग्णाची काळजी घेणाऱ्याने केलेली असते. काढा आत्याच्या पोटात जातो आणि गुण वहिनीला येतो, असे मी एकदा थट्टेने म्हणाले. ती हसली नाही, थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग तो मीच घ्यायला हवा."

उपायांच्या या गर्दीत एक गोष्ट मात्र खरोखर मागे पडते, आणि तिथे माझा सूर मऊ राहू शकत नाही. विस्मृतीची काही कारणे दुरुस्त होण्यासारखी असतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे मंदावणे, म्हातारपणातले नैराश्य, पडल्यानंतर कवटीखाली सावकाश साचलेले रक्त, मेंदूत तुंबलेले पाणी: यांतले काही असेल तर वेळेवर उपचार केल्यास माणूस पुष्कळसा परत मिळू शकतो. तीन-चार महिने काढा देऊन पाहू, मग डॉक्टरांकडे जाऊ, असे ठरवणाऱ्या घरांत ते तीन-चार महिनेच नेमके मोलाचे असू शकतात. जिंको रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, तरी नैसर्गिक गोष्टी डॉक्टरांना काय सांगायच्या म्हणून त्या सांगितल्या जात नाहीत. बाटली फुकट गेली तर पैसे जातात. तिच्यापायी तपासणी लांबली तर जे जाते ते परत आणायला पैसे उपयोगाचे नसतात.

आणि आधीच काळजी घेतली असती तर? हा प्रश्न दादाने मला विचारला, रात्री, आत्या झोपल्यावर. २०२४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने १४ कारणे सांगितली, ज्यांच्यावर इलाज झाला तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात: लहानपणी कमी शिक्षण, बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, हवेचे प्रदूषण, एकटेपणा, न सुधारलेली दृष्टी आणि आणखी काही. हा आकडा समाजाचा आहे, आणि धोरण ठरवणाऱ्याला तो सोन्यासारखा आहे. एका घरात शिरला की मात्र त्याची कुऱ्हाड होते. आत्या शिकलेली, रोज चालणारी, गणिते सोडवणारी, माणसांत रमणारी. तिला व्हायला नको होता आणि झाला. त्या यादीतून दादाला सापडले ते तिचे कान. तिला बरीच वर्षे कमी ऐकू येत होते आणि श्रवणयंत्र लावायला ती तयार नव्हती. आपण हट्ट धरायला हवा होता, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मी त्याला २०२३ च्या एका प्रयोगाविषयी सांगितले: ९७७ वृद्धांवर तीन वर्षे श्रवणयंत्राचा परिणाम पाहिला गेला, एकूण गटात बुद्धीच्या ऱ्हासावर फरक दिसला नाही, मात्र ज्यांना आधीच धोका अधिक होता त्यांच्यात ऱ्हासाचा वेग जवळजवळ निम्म्याने कमी झाला. या निकालाने तो सुटला की अधिक अडकला, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून समजले नाही. आकडे सांगताना आवाज कसा ठेवावा हे कोणी शिकवलेले नसते.

व्यायामाचेही तसेच. तो लवकर आणि आयुष्यभर केला तर मेंदूला मानवतो यावर फारसा वाद नाही. पण स्मृतिभ्रंश झालेल्या ४९४ लोकांना इंग्लंडमध्ये नेमाने दमदार व्यायाम करायला लावला तेव्हा त्यांची अंगातली ताकद वाढली, बुद्धीचा ऱ्हास थांबला नाही, किंबहुना तो किंचित वाढल्यासारखा दिसला. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही दादा तिला सायंकाळी हात धरून फिरवतो आणि मी त्याला थांबवणार नाही, कारण फिरून आल्यावर तिला झोप चांगली लागते. फिरण्याने स्मृती परत आली पाहिजे, ही अट फिरण्यावर कोणी घातली? तिला वाळलेल्या कपड्यांचा ढीग दिला तर ती घड्या घालते, कडेला कड जुळवून, अंगठ्याने चूण मोडत, पूर्वीइतक्याच काटेकोरपणे. हाताची आठवण मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहते आणि उशिरापर्यंत टिकते. ओळखीची चाल लागली की ती पुढची ओळ गाते, मागची विसरलेली असतानाही. संगीताने स्मृती सुधारते असे ठामपणे म्हणता येत नाही, उदासी थोडी उणावते असे प्रयोगांत दिसले आहे. आमच्या घरात उदासी उणावण्याला उपाय म्हणत नाहीत. घडी घातलेल्या कपड्यांपुढे वहिनीच्या वहीत फुली नसते.

अखेर एके दिवशी दादाने फडताळ रिकामे केले, सगळ्या बाटल्या आणि सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरल्या आणि पिशवी डॉक्टरांसमोर ठेवली. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी एकेक बाटली उचलून वाचली, कोणालाही हसले नाहीत. जिंको बंद करायला सांगितले, कारण आत्या हृदयासाठी ॲस्पिरिन घेते. काढा हवा तर चालू ठेवा, म्हणाले, पण त्यात काय काय आहे ते लेबलवर पूर्ण नाही, म्हणून मन धजत नाही. मग त्यांचा हात एका जुन्या पट्टीवर थांबला. अंगाला खाज सुटते म्हणून फार पूर्वी सुरू केलेली ॲलर्जीची झोप आणणारी गोळी होती ती. खाज केव्हाच गेली होती, गोळी राहिली होती. तिच्याकडे आमच्यापैकी कोणाचेच लक्ष नव्हते, कारण ती ना नैसर्गिक होती ना स्मृतीची. अशा जुन्या धाटणीच्या गोळ्या ॲसिटिलकोलीनलाच अडवतात. जे रसायन वाचवण्यासाठी आत्या सकाळी फुलापासून आलेली गोळी घेत होती, त्याचाच रस्ता रात्रीची गोळी बंद करत होती.

ती गोळी बंद झाली. आत्याची स्मृती परत आली नाही. माझे नाव तिला अजूनही लागत नाही. पण दुपारची गुंगी बरीच कमी झाली, जिभेचा कोरडेपणा गेला आणि संध्याकाळी दार उघडून घरी जायचे म्हणून ती जी झटापट करी ती पुष्कळ उतरली. दादाने काढाही थांबवला. थांबवण्याआधी तो मला म्हणाला होता, "याने काही होत नाही हे मला केव्हाच कळलंय. पण रात्री आठ वाजता मी तिच्याजवळ जाऊन करू काय, ते सांग." आता तो आठ वाजता तिच्या तळपायांना साधे तेल चोळतो आणि ते कशासाठी, असे ती अजून तरी विचारत नाही.

शाळेतल्या त्या गृहस्थांना आत्यातला फरक पहिल्याच भेटीत जाणवला. जिंकोची बाटली त्यांनीच आणलेली होती, त्यामुळे गुण कशाचा याविषयी त्यांच्या मनात शंका नाही आणि ते आता आणखी दोन घरी ती द्यायला निघाले आहेत. त्यांना खरे सांगायला हवे, निदान रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे तरी, असे मी दादाला बजावले. तेवढे त्याने सांगितले. बाकीचे सांगितले नाही. ते दर आठवड्याला येतात, आत्याशेजारी तासभर बसतात, दोघे मिळून पाढे म्हणतात, आणि ते श्रेय काढून घेतल्यावर ते येतील की नाही याची दादाला खात्री नाही.